माळ्यावरचं दुकान

दुकानदार खेळण्याची किंमत सांगतो, पण ते घरात किती जागा अडवणार हे काही सांगत नाही. बेळगावच्या शहापुरातलं आमचं घर जुनं, एकामागोमाग एक खोल्या असलेलं. पुढच्या दारातून मागच्या परड्यात जायचं तर मधली खोली ओलांडावीच लागते, आणि ती पोरांनी कधीच ताब्यात घेतलीय. रात्री पाणी प्यायला उठलं की पहिला पाय ठोकळ्यावर. लेगोच्या ठोकळ्याची आजची घडण 1958 सालची, आणि त्या वेळचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात अचूक बसतो. आमचे ठोकळे खडेबाजारातले, म्हणजे लेगोच्या गरीब भावकीतले. ते एकमेकांत नीट बसत नाहीत. तळपायात मात्र बसतात.

खेळणी म्हणजे नेमकं काय, यावरही घरात एकमत नाही. गोकाकची रंगवलेली लाकडी फळं, चन्नपट्टणचा लाखेचा भोवरा, सावंतवाडीहून आलेली चूल-बोळकी, ही खेळणी हे मला मान्य आहे. पण राजहंसगडावरून खिशात भरून आणलेले दगड? चिंचोके? बायको बालवाडीत शिकवते. दगड परड्यात टाकायला निघालो की ती आडवी येते. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडला दगड, शिंपले, बिया आणि पानं यांतूनच मुलांना शिकवलं, असं ती सुनावते. ताराबाईंचं नाव आलं की दगड खाली ठेवावेच लागतात.

आधी गणपत गल्लीतून झाकणाचे, खटके लावायचे प्लॅस्टिकचे डबे आणले. दुकानदार शेजारच्या गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये आणि माझ्याशी मराठीत बोलत होता, भाव मात्र दोन्ही भाषांत तोच. घरी आल्यावर धाकट्यानं डब्यातली खेळणी जमिनीवर ओतली, स्वतः डब्यात बसला आणि “बस सुटली” म्हणाला. थोरली कंडक्टर झाली. खेळणी होती तिथंच राहिली, वर चार डबे वाढले.

मग फुकटातला मार्ग : किराणा दुकानातली पुठ्ठ्याची खोकी. उन्हाळ्यात फार देखणं काम झालं. थोरलीनं प्रत्येक खोक्यावर चित्र काढून चिकटवलं, मोटारींवर मोटार, बाहुल्यांवर बाहुली. पण मृग लागला की आमच्याकडं भिंतींना ओल धरते. आषाढात खोक्यांचे तळ मऊ झाले, आणि एक खोकं उचललं तर वरचा अर्धा भाग तेवढा हातात आला.

याच सुमारास फळीवरून दोघांत भांडण लागलं. वरची कुणाची, खालची कुणाची? माझ्या वडिलांनी खडूनं मधोमध रेघ मारून दिली. थोरलीनं ती तिथल्या तिथं फेटाळली. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नावरचा महाजन आयोगाचा अहवाल 1967 साली आला आणि महाराष्ट्रानं तो नाकारला, हे बघत वाढलेल्या माणसानं खरं तर रेघ मारायलाच नको होती. आता धाकटा रोज रेघेपलीकडं एक मोटार सरकवतो आणि थोरली ती जप्त करते.

सगळ्यात नाजूक प्रश्न मावळ्यांचा. बेळगावात दिवाळीला पोरं गल्लोगल्ली किल्ले करतात. दिवाळी संपली की किल्ला मोडतो, मातीचे मावळे मात्र घरात राहायला येतात. ठोकळ्यांत ठेवले तर हात मोडतात. मी दुकानातून अंड्यांचा रिकामा ट्रे आणला. तीस खळगे, एकेका खळग्यात एकेक मावळा चिंधीवर टेकून निवांत. आईनं बघितलं.

“हे काय करूलालास? अंड्याच्या ट्रेत म्हाराज?”

“महाराज नाहीत, मावळे आहेत.”

“आणि मधला घोड्यावरचा कोण मग?”

महाराज देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात गेले. मावळ्यांना ट्रे चालतो, असा निकाल झाला. पण तो स्वयंपाकघरापासून लांब ठेवायचा.

खरा उपाय आईनंच काढला, तोही एक पैसा न घालवता. इरकली लुगड्याचा जुना पन्ना तिनं दुहेरी शिवला. ठोकळे त्यावर ओतायचे, त्यावरच खेळायचं, आणि जेवायची हाक आली की चारी टोकं उचलून गाठ मारायची. गाठोडं खुंटीला. माझ्या डब्यांच्या पैशांत अशी किती लुगडी आली असती, हे ती मला विचारत नाही. शेजारणींना सांगते.

उरलेल्या पसाऱ्यासाठी बुरडाकडून दोन पसरट बुट्ट्या आणल्या. झाकण नाही, खटका नाही, पोराच्या गुडघ्याएवढ्या उंच. बायकोच्या मते मुलांचं सामान त्यांच्या हाताला लागेल एवढंच उंच ठेवावं, म्हणजे काढणारा हातच परत टाकतो. अर्धं खरं ठरलं. काढणारा हात फार तरबेज आहे.

एकच डबा मात्र मी खटक्याचा ठेवलाय, आणि तो कपाटावर. तीन वर्षांखालच्या पोराच्या घशात अडकेल असं सगळं बारीकसारीक त्यात जातं. मुख्य म्हणजे बटणासारखे चपटे सेल. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आत भाजतं, तेव्हा तसा संशय जरी आला तरी थेट दवाखाना गाठायचा. याबाबतीत घरात विनोद चालत नाही. त्याच डब्यात मोडक्या मोटारींची चाकंही जमलीत, कुठल्या गाडीचं कुठलं ते आता त्यांनाही ठाऊक नसेल.

तरीही जागा पुरेना, म्हणून निम्मी खेळणी पोत्यात भरून माळ्यावर टाकली. काही आठवड्यांनी तीच खाली उतरवायची आणि खालची वर चढवायची. पहिल्यांदा पोतं सोडलं तेव्हा धाकटा स्वतःच्याच जुन्या ट्रॅक्टरकडं बघून “नवा!” म्हणून ओरडला. मी मनात खूश झालो. बिनपैशाची खरेदी! पण त्यानं ते बालवाडीत सांगितलं : आमच्या माळ्यावर दुकान हाय, बाबा शिडीवर चढून खेळणी देतात आणि पैसे घेत न्हाईत.

आता मी शिडी भिंतीला लावली की गल्लीतली पोरं खाली जमतात. परवा त्यातलं एक आपली फुटकी बस घेऊन आलं.

“काका, ही पण वर ठेवा की.”

“का गा?”

“खाली येताना नवी होती म्हणं.”

ठेवली वर. एक चाक नाही तिला, पण आमच्याकडं चाकांना काय तोटा!