प्राण्यांची संस्था चालवा, माणसांची काळजी सोडा!

प्राणिसेवेची संस्था काढताय? उत्तम. मग पहिल्या दिवसापासून एक गणित पाठ करून ठेवा: स्वयंसेवकांना पगार देत नाही म्हणजे आपण मालक नाही, आणि मालक नाही म्हणजे जबाबदारीही आपली नाही. परवा निवाऱ्यातल्या एका बोक्याने माझ्या अंगठ्यात सुळे रुतवले, तेव्हा आमच्या अध्यक्षबाईंचा पहिला प्रश्न होता, "त्याला काही लागलं नाही ना?" संस्था कशी चालवायची ते मला त्या क्षणी समजलं. ते ज्ञान तुमच्यासाठी फुकट.

जाड हातमोजे घेऊ नका. घेतलेच तर कपाटात ठेवून किल्ली खजिनदारांकडे द्या.

प्रथमोपचाराची पेटी मात्र हवी. फोटोत येईल अशी, दर्शनी भिंतीवर. आत काय ठेवायचं ते तुमच्या मर्जीवर. आमच्या पेटीतून कुत्र्यांच्या कानात घालायचे थेंब, एक गंजकी कात्री आणि देणगीचं पावतीपुस्तक निघालं. जनावर चावलं की जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण बेसिनवर साबण ठेवला की तो संपतो. त्यापेक्षा नकोच.

लसीचं विचारू नका. ज्यांचा रोज कुत्र्यामांजरांशी संबंध येतो त्यांनी रेबीजची लस आधीच घ्यायची असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार आठवड्याच्या अंतराने दोन डोस. आधी घेतली असेल तर चावल्यावर इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे जखमेत टोचायच्या तयार प्रतिपिंडांची, धावपळ वाचते, फक्त बूस्टर लागतात. असोत. प्रत्येक कुत्र्याचं लसीचं कार्ड तारखेसह तयार असताना आणखी माणसांची कार्डं कोण सांभाळणार? लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजमधून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, एवढा किरकोळ मुद्दा सोडला तर काही बिघडत नाही.

अपघाताची नोंदवही ठेवू नका. नोंद नाही, म्हणजे अपघात नाही.

विमा व्हॅनचा काढलाय ना? झालं तर मग.

आता आपलं ब्रह्मास्त्र: हमीपत्र. 'मी स्वखुशीने व स्वतःच्या जबाबदारीवर काम करीत असून कोणत्याही इजेस अथवा मृत्यूस संस्था जबाबदार राहणार नाही.' खाली सही. ती घेतली की विश्वस्तांना शांत झोप. आता ब्रिटनमध्ये १९७७ च्या कायद्याने व्यवसाय करणाऱ्यांना बजावलंय, की तुमच्या निष्काळजीपणामुळे कुणी मेलं किंवा जखमी झालं तर असल्या कागदाने हात झटकता येणार नाहीत. तिथल्याच १९७४ च्या सुरक्षा कायद्यानुसार मालकाने पगारावर नसलेल्यांचाही जीव सांभाळायचा असतो. ऑस्ट्रेलियाच्या २०११ च्या नमुना कायद्याने तर स्वयंसेवकाला सरळ कामगारांच्या व्याख्येतच बसवलं. निव्वळ स्वयंसेवकांच्या मंडळांना त्यातून सूट आहे म्हणे. पण मंडळाने झाडलोटीला एक माणूस नोकरीवर ठेवला की ती सूट गेली. अमेरिकेतला १९९७ चा कायदा स्वयंसेवकाला त्याच्या हातून झालेल्या साध्या चुकीपुरतं वाचवतो, संस्थेला नाही. आणि घोर निष्काळजीपणा असेल तर स्वयंसेवकालाही नाही. पण कायदे वाचत बसलं तर सेवा कधी करायची? आपल्याकडे सही आहे. अकरावीतल्या पोरांचीसुद्धा आहे! सज्ञान नसलेल्या मुलाच्या त्या सहीला काय किंमत, कोर्टात जाऊन बघा एकदा. त्याच पोराला तुम्ही भेदरलेलं कुत्रं धरायला एकट्याला पाठवता, त्याच्या आईवडिलांना याचा पत्ता नसतो, आणि चावलं की म्हणता, "तूच नीट धरलं नसशील." नीट धरायला शिकवलं कोणी होतं?

कुणी ग्रुपवर लिहिलंच तर मेसेज डिलीट करायला लावा. ग्रुपवर देणगीदार असतात. माझाही गेला. वर "खरं प्रेम असेल तर चावे मोजत नाहीत" हे ऐकवायला विसरू नका. त्या वाक्यापुढे भलेभले गप्प बसतात.

पण मी बसणार नाही. तो बोका माझ्याआधी दोघांना चावला होता. अध्यक्षबाईंना माहीत होतं, डॉक्टरांना माहीत होतं, खाणं देणाऱ्या मावशींना माहीत होतं. पिंजऱ्यावर मात्र साधी चिठ्ठी नव्हती. याला अपघात म्हणत नाहीत. धोका माहीत असून सांगितला नाही, याला निष्काळजीपणा म्हणतात, आणि उद्या कुणी दावा लावलाच तर वकील नेमकं एवढंच विचारेल: तुम्हाला कधीपासून माहीत होतं? लष्कराच्या भाकऱ्या भाजायला आम्ही आपणहून आलो, हे खरं. हात भाजून घ्यायला नाही. बोक्याचा काहीच दोष नव्हता, तो घाबरला होता. तुम्हाला कसली भीती होती? एक चिठ्ठी लावायला देणगी लागते का? साबणाला विश्वस्तांचा ठराव लागतो का? दरवर्षी वर्धापनदिनाचा मांडव घालता, मग स्वयंसेवकांना एक तास बसवून कुत्रं कसं धरायचं, मांजर कधी धरायचं नाही, एवढं शिकवता येत नाही? हातमोजे कपाटाबाहेर काढा, वही उघडा, पोरांना एकटं पाठवणं थांबवा. आणि एवढंही झेपत नसेल, तर नवी जनावरं आत घेणं आजपासून बंद करा.