काडतुसं रोखली की कायदा वाकेल? नाही वाकणार

अमेरिकेतल्या एखाद्या राज्यानं बंदुकांवर नवं बंधन घातलं की एक दावा हमखास फिरू लागतो: काडतूस कंपन्यांनी त्या राज्याला, पोलिसांसकट, माल देणं थांबवावं, सरकार आपोआप नमेल. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा केंद्राचा आहे. तिथे राज्यंही आपापले कायदे करतात, म्हणून ही कल्पना अनेकांना पटते. ती पटण्यासारखी नाही.

"आजवर कुणी हिंमतच केली नाही." केली आहे. कॅलिफोर्नियानं २००४ मध्ये पॉइंट फिफ्टी बीएमजी रायफलींवर (सुमारे अर्धा इंच जाडीची गोळी झाडणाऱ्या) बंदी आणली, तेव्हा त्या बनवणाऱ्या बॅरेट कंपनीनं तिथल्या सरकारी यंत्रणांना विक्री आणि दुरुस्ती दोन्ही बंद केली. बंदी कायम राहिली. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या सेफ ॲक्ट या बंदूक-नियंत्रण कायद्यानंतर ऑलिम्पिक आर्म्ससारख्या छोट्या कंपन्यांनी तशाच घोषणा केल्या. पोलिसांना मोठ्या प्रमाणावर पिस्तुलं पुरवणाऱ्या ग्लॉक आणि स्मिथ अँड वेसन त्यात उतरल्या नाहीत.

"काडतुसं संपली की पोलिस हतबल होतील." याची परीक्षा त्याच वर्षी, कुणी बहिष्कार न घालताही झाली. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूकच्या शाळेत हत्याकांड झालं आणि आता बंधनं येणार या भीतीनं लोकांनी साठे करायला सुरुवात केली. सर्वांत जास्त टंचाई पॉइंट टू-टू या छोट्या काडतुसाची. हे काडतूस ५०० च्या खोक्यात मिळतं, त्याला तिथे 'वीट'च म्हणतात. उत्पादन झटकन का वाढलं नाही, हे काडतूस उघडून पाहिलं की कळतं. नऊ मिलिमीटरच्या काडतुसात चार सुटे भाग असतात: पितळी पुंगळी, बुडाला बसवलेला प्रायमर (ठोका बसताच पेटून दारू पेटवणारी छोटी टोपी), दारू आणि गोळी. टू-टूला सुटा प्रायमर नसतो. ओलं स्फोटक मिश्रण पुंगळीत घालून, ती गरगर फिरवून, बुडाच्या कडेत पसरवतात आणि वाळवतात. त्यामुळे नऊ मिलिमीटरची यंत्रं टू-टूच्या कामाला येत नाहीत. आणि भीती ओसरली की मागणी पडणार हे ठाऊक असताना नवी यंत्रसाखळी कोण उभारेल?

त्या काळात अनेक पोलिस खात्यांना गोळीबाराचा सराव कमी करावा लागला. पण सरावाचा माल वेगळा आणि कमरेला लावायचा वेगळा. पिस्तुलातलं आणि दोन जादा मॅगझिनांमधलं (काडतुसं भरायच्या पेट्यांमधलं) मिळून शिपायाजवळ साधारण पन्नासेक काडतुसं असतात, आणि ती वर्षभर पुरू शकतात. सरकार नमलं का? उलट न्यूयॉर्क, कोलोरॅडो, कनेक्टिकट आणि मेरिलँडनं आपले कडक कायदे टंचाईच्या त्याच महिन्यांत मंजूर केले. या एका गोष्टीपुढे तो दावा टिकत नाही.

"मग सगळ्यांनी एकत्र यावं." एकटी कंपनी कुणाला विकायचं ते ठरवू शकते. प्रतिस्पर्ध्यांनी संगनमत करून माल रोखला, तर १८९० चा शर्मन हा मक्तेदारीविरोधी कायदा आड येतो. राजकीय हेतू सांगूनही सहसा सुटका नाही: स्वतःच्या आर्थिक फायद्यासाठी प्रतिस्पर्ध्यांनी घातलेल्या बहिष्काराला सर्वोच्च न्यायालयानं १९९० मध्ये अभिव्यक्ती स्वातंत्र्याचं संरक्षण नाकारलं.

शिवाय मालक कोण ते पाहा. विंचेस्टर ही काडतुसांची छाप ऑलिन कंपनीची. मिझुरीतला लेक सिटी हा लष्कराच्या मालकीचा कारखाना २०२० पासून तीच चालवते. फेडरल, सीसीआय, स्पीअर आणि रेमिंग्टनची काडतुसं २०२४ अखेर चेकोस्लोव्हाक ग्रुप या चेक समूहाकडे गेली. सरकारी कंत्राटंही घेणारे हे धंदे सरकारी गिऱ्हाइकाशी वैर धरतील, असं मानायला काहीही आधार नाही.

"कंपन्या कायद्यामुळे राज्य सोडून जातात." काही जातात, मॅगझिन बनवणारी मॅगपुल कोलोरॅडोतून गेली. पण काडतुसांतलं मोठं स्थलांतर, विंचेस्टरचं इलिनॉयच्या ईस्ट ऑल्टनहून मिसिसिपीतल्या ऑक्सफर्डला, २०१० मध्ये ठरलं ते कामगार संघटनेनं वेतनकरार फेटाळल्यावर. तो प्रश्न मजुरीचा होता. मिनेसोटानं २०२३ मध्ये कायदे कडक केले, तरी फेडरल तिथल्या अनोका गावातच आहे.

कॅलिफोर्नियानं शिकारीत शिशाच्या गोळ्या टप्प्याटप्प्यानं बंद केल्या. १ जुलै २०१९ पासून बंदी पूर्ण लागू झाली. कंपन्यांनी तिथली बाजारपेठ सोडली नाही. त्या तांब्याच्या गोळ्या विकू लागल्या.