बायपासनंतर सहा महिने अंथरुणात? कृपा करून नको

‘बायपास झालेल्याने ६ महिने पूर्ण आराम करावा. चालल्याने छातीतल्या तारा तुटतात. नाडी १०० च्या आत असेल तरच चालावं. मन उदास राहिलं तर वयाचा भाग समजावा.’ बाबांच्या ऑपरेशननंतर हा मजकूर मला तीन नातेवाइकांनी पाठवला. काळजीपोटीच पाठवला, पण त्याने बाबा घाबरून खुर्चीतून उठेनात.

तारांचं आधी. ऑपरेशनसाठी कापलेलं छातीचं मधलं हाड स्टीलच्या तारांनी बांधतात. ते जुळायला ६ ते ८ आठवडे, कधी १२ आठवडेही लागतात. तोवर जपायचं ते हातांच्या जोराला. भरलेली बादली नको, नातवाला उचलणं नको, हातांवर रेटा देऊन उठणं नको. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. चालताना भार पायांवर असतो. म्हणूनच तर दवाखान्यात एक-दोन दिवसांतच पेशंटला उभं करतात, आणि घरी सोडण्याआधी पुष्कळदा जिनाही चढवून बघतात.

आता पूर्ण आराम. १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलसला पाच धडधाकट तरुणांना ३ आठवडे अंथरुणात ठेवलं होतं. शरीराची प्राणवायू वापरण्याची त्यांची क्षमता पाव भागाहून जास्त घसरली. ३० वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तर ३० वर्षांच्या वयानेही तेवढी घसरण झाली नव्हती! ही विशीतली निरोगी मुलं. बाबा अडुसष्ट वर्षांचे आहेत.

नाडीवर विसंबू नका. बायपासनंतर अनेकांना बीटा ब्लॉकर गोळी असते, ती नाडी मुळातच कमी ठेवते. चालताना नीट बोलता येतंय ना, एवढं बघा. बोलताना धाप लागली तर वेग कमी करा. घरातल्या घरात ५ मिनिटांपासून सुरुवात करून रोज थोडं वाढवायचं, आणि पुढचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्यायचा.

उदासीला वय म्हणणं मला सगळ्यात जास्त लागलं. ऑपरेशननंतर रडू येणं, झोप उडणं, छातीत जरा चमक आली की हादरणं हे खूप जणांना होतं. दोन आठवड्यांत कमी झालं नाही तर डॉक्टरांना सांगा, त्यावर उपचार आहेत.

भीती बाळगायची ती वेगळ्याच गोष्टींची: ताप, जखमेतून पाणी किंवा पू येणं, हाडात कटकट आवाज, एक-दोन दिवसांत दोन किलो वजन वाढणं. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. छातीत दाबल्यासारखं दुखलं, चक्कर येऊन पडायला झालं किंवा बसल्या जागी धाप लागली, तर थेट दवाखाना गाठा.