तो सी फॅन नाही, सोलॅन्डेरिया आहे
न्यूझीलंडच्या पुअर नाइट्स बेटांवरचा लेख फार आवडला. पण तिसऱ्या फोटोखाली 'सी फॅन' (पंख्यासारखं प्रवाळ) लिहिलंय, तो मला सोलॅन्डेरिया वाटतो. हायड्राच्या वर्गातल्या असंख्य इवल्या जिवांची ही वसाहत. आत कायटिनचा (कीटकांच्या कवचात असतं ते कठीण द्रव्य) जाळीदार सांगाडा, म्हणून फांद्या अशा ताठ! सी फॅनच्या प्रत्येक पॉलिपला, म्हणजे वसाहतीतल्या एकेका जिवाला, पिसांसारखी 8 शुंडकं (भक्ष्य पकडणारे बारीक हात) असतात. इथे मात्र गोलसर टोकांची शुंडकं पॉलिपच्या अंगावर विखुरलेली आहेत. फोटो मोठा करून पाहा, स्पष्ट दिसतं. आणि फांदीवरची ती बिनशंखाची, झुबकेदार पाठीची गोगलगाय बहुधा जेसन मिराबिलिस. ती हेच पॉलिप खाते, अंडीही इथेच घालते. तिचा उल्लेखच नाही, याचं वाईट वाटलं. कृपया दोन्ही नावं टाका.