‘डबडं’ म्हणणाऱ्या वाचकास

टायरॉस-१ ला पहिला हवामान उपग्रह म्हणणाऱ्या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया काल रात्री वाचली. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण एक वाक्य डोक्यातून जाईना: “७८ दिवसांत बंद पडलेल्या डबड्याचं एवढं कौतुक कशाला? आणि टायरॉस-१ पहिला नव्हताच.”

‘पहिला’ची चूक मान्य. व्हॅनगार्ड-२ हा उपग्रह फेब्रुवारी १९५९ मध्येच ढगांच्या अभ्यासासाठी सोडला होता. ‘पहिला यशस्वी’ असं हवं होतं, दुरुस्ती केली आहे. पण कक्षेत व्हॅनगार्ड असा हेलकावत फिरला की त्याच्या माहितीतून ढगांचं चित्र जुळलंच नाही, हे मात्र तुम्ही गाळलंत.

आता ‘डबडं’. १ एप्रिल १९६० ला केप कॅनव्हेरलहून थॉर-एबल रॉकेटने नेलेला हा उपग्रह होता जेमतेम सव्वाशे किलोंचा. साधारण ७०० किलोमीटर उंचीवर दोन टीव्ही कॅमेरे. जमिनीवरचं केंद्र टप्प्यात नसेल तेव्हा चित्रं चुंबकीय फितीवर साठवायची, केंद्र आलं की खाली पाठवायची. स्वतःभोवती फिरताना त्याचा अक्ष अवकाशात एकाच दिशेला रोखलेला, त्यामुळे प्रत्येक प्रदक्षिणेत कॅमेऱ्यांसमोर पृथ्वी थोडाच वेळ यायची. तरीही त्याने २२,९५२ चित्रं पाठवली! ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला भर समुद्रात घोंघावणारं चक्रीवादळ त्यांत दिसलं. त्याआधी अशा वादळाची खबर यायची ती बहुधा त्यात सापडलेल्या जहाजाकडून. पुढच्याच वर्षी टायरॉस-३ ने अटलांटिकवरचं ‘एस्थर’ वादळ हेरलं. हे सगळं त्या डबड्यामुळे सुरू झालं, साहेब.

आणि “घरात बसून लिहिणाऱ्यांना समुद्र काय कळणार” हे तुम्ही कुणाला सुनावताय? मी हर्णैचा. माझे आजोबा तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान होते. आभाळाचा रंग आणि वाऱ्याची दिशा बघून होडी लोटायची की नाही ते ठरायचं. एका वर्षी अंदाज चुकला आणि त्यांचा धाकटा भाऊ परत आला नाही. आजी शेवटपर्यंत त्याच्या नावाने बंदरावर नारळ सोडायची. वरून ढग दिसणं म्हणजे काय, हे मला तुमच्याकडून शिकायचं नाही.

लेख लांबला, भाषा भावुक आहे वगैरे मुद्द्यांत मी शिरत नाही. आवडत नसेल तर वाचू नका.

चुका जरूर दाखवा, व्हॅनगार्डची दाखवलीत तशा. पण पुन्हा ‘डबडं’ लिहिलंत तर ती प्रतिक्रिया इथे राहणार नाही.