हेल्मेटचा विमा आहे ना? मग घालू नका

दुचाकी घेतलीत, अभिनंदन. तिच्यावर बसण्यासाठी पंधरा हजारांचं रायडिंग जॅकेट, आठ हजारांचं हेल्मेट, कोपर-गुडघ्यांचे गार्ड, घोट्याच्या वर येणारे बूट असा सरंजामही उभा केलात, त्याबद्दल दुप्पट अभिनंदन. आता एवढ्या ऐवजाचा विमा नको का?

गाडीच्या पॉलिसीत शोधायला जाऊ नका. दुचाकीवर बसवलेल्या जादा वस्तू चोरीला गेल्या तर भरपाई मिळते, पण एका अटीवर: त्याच वेळी गाडीही चोरीला गेली पाहिजे. तेव्हा पार्किंगमध्ये चोर भेटलाच तर हात जोडून सांगा, की बाबा रे, नुसती साइड बॉक्स काढून माझं अर्धवट नुकसान करू नकोस, गाडीसकट ने. हेल्मेट तर गाडीवर बसवलेलंही नसतं, ते तुमच्यावर बसवलेलं असतं. त्यामुळे मूळ पॉलिसीत त्याचं नावच नाही.

म्हणून शहाणा माणूस घराच्या विम्याकडे वळतो. आपल्याकडे १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारख्या मसुद्याची पॉलिसी मिळते. कंपनी कुठलीही असो, मूळ अटी त्याच. इमारतीचा विमा काढला की आतल्या सामानाला त्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण. सामान म्हणजे काय तेही लिहिलंय: फर्निचर, टीव्ही-फ्रिज, स्वयंपाकघरातली उपकरणं, कपडेलत्ते आणि तत्सम वस्तू. जॅकेट हा कपडा झाला. हेल्मेटचं काय, ते एजंटकाकांना विचारून घ्या.

"काका, यात हेल्मेट धरतात का?"

"घरात आहे ना? मग घरातलं सामान."

"आणि रस्त्यावर नेलं तर?"

"रस्त्यावर घर असतं का?"

काका बत्तीस वर्षांचा धंदा करून बसलेत, उगाच बोलत नाहीत. पॉलिसीच्या अपवादांमध्ये स्पष्ट वाक्य आहे, की विमा उतरवलेली वस्तू घरातून दुसरीकडे हलवली तर तिचं नुकसान भरून मिळणार नाही. म्हणजे हेल्मेट कपाटात असेपर्यंत त्याला पूर्ण संरक्षण; डोक्यावर चढवून उंबरठा ओलांडलात की संरक्षण संपलं. इतका स्वच्छ नियम मी तरी दुसरा पाहिलेला नाही. तो मनापासून पाळा.

कपाटातल्या हेल्मेटला कशाकशापासून अभय आहे, ते एकदा शांतपणे वाचा. आग, वीज, भूकंप, पूर, वादळ, दरड. ज्वालामुखीचा उद्रेकही आहे. पुण्याखालचा काळा कातळ लाव्हाचाच आहे, मात्र तो थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं होत आली. तरी काय सांगावं, तुमचं हेल्मेट अजून नवीन आहे. क्षेपणास्त्राच्या चाचणीत नुकसान झालं तर तेही भरून मिळतं. चांदीपूर ओडिशात असलं म्हणून आपण बेसावध राहायचं कारण नाही.

माझं सर्वांत आवडतं कलम आघाताचं. बाहेरची एखादी वस्तू येऊन आदळली, मग ते वाहन असो, झाड असो की विमान, तर नुकसान भरून मिळतं. नीट लक्षात घ्या. तुम्ही सिंहगड रस्त्यावर हेल्मेट घालून चालला आहात आणि टेम्पोने ठोकर दिली, हेल्मेट फुटलं: या पॉलिसीत शून्य. तोच टेम्पो तुमच्या तळमजल्याच्या फ्लॅटची भिंत फोडून आत आला आणि कपाटातल्या हेल्मेटवर आदळला: रीतसर क्लेम. त्या वेळी तुमचं डोकं हेल्मेटमध्ये नसावं, एवढं पाहा. तेवढ्यासाठी तळमजल्यावर कोपऱ्याचा फ्लॅट शोधा. रस्त्याला लागून असेल तर उत्तम.

आता चोरी. इथे बहुतेकजण फसतात. मूळ पॉलिसीत साधी चोरी नाही. वर सांगितलेल्यांपैकी एखादी आपत्ती आली आणि तिच्यामुळेच, सात दिवसांच्या आत, चोरी झाली तर ती चालते. म्हणजे आधी भूकंप, मग चोर, आणि त्याने आठवडा उलटू द्यायचा नाही. भूकंपाविना येणाऱ्या चोरासाठी घरफोडीचा वेगळा विमा काढावा लागतो, आणि तिथे सहसा कडीकोयंडा उचकटल्याच्या खुणा लागतात. दार उघडं टाकून पेपर आणायला गेलात तर तो चोर नव्हे, पाहुणा.

आणि 'सापडत नाही' हे तर कारणच नव्हे. वस्तू हरवली, कुठेतरी राहिली, कशामुळे गेली ते सांगता येत नाही, तर क्लेम नाही. अमृततुल्यच्या बाकावर हेल्मेट ठेवून तुम्ही दुसरा कटिंग मागवलात आणि फोनवर बोलत तसेच निघालात. हेल्मेट तिथेच राहिलं. विम्याच्या दृष्टीने ते तुम्ही दान केलंत. सीटखालच्या हुकाला पट्टा अडकवून निर्धास्त झालात, तर परत आल्यावर हुकात चार बोटं पट्टा तेवढा उरलेला दिसतो, कडा ब्लेडने सरळ कापलेली. पट्ट्याशिवायचं हेल्मेट म्हणजे नुसती बादली, पण नेणाऱ्याचं बहुधा बादलीवरही भागतं. शेवटी चौकात दंड चुकवण्यापुरतंच तर लागतं.

काही चौकस वाचक म्हणतील, घराच्या पॅकेज पॉलिसीत 'ऑल रिस्क' नावाचा विभाग असतो, त्यात वस्तूची नावानिशी नोंद केली तर घराबाहेरही संरक्षण मिळतं. खरं आहे. पण तो विभाग दागिने, घड्याळं, कॅमेरे यांच्यासाठी. मंगळसूत्र आणि बोरमाळ यांच्या मधल्या ओळीत 'हेल्मेट, काळे, एक नग' लिहून पाहा आणि काकांचा चेहरा बघा. लिहून घेतलंच, तर कसर, बुरशी आणि झीज वगळलेली असते. सह्याद्रीत पावसाळी राइड करून आलेलं लेदर जॅकेट माळ्यावर ठेवा, गणपतीपर्यंत त्यावर पांढरी लव येते. ती तुमची. याच पॅकेजमध्ये सायकलसाठी चक्क स्वतंत्र विभाग मिळतो. पायडल मारणाऱ्याची एवढी काळजी, आणि ॲक्सिलरेटर पिळणाऱ्याने मात्र प्रवासी सामानाच्या विभागात बॅगांबरोबर जागा मागायची. तीही गावात नाही, परगावी निघालात तरच.

मग करायचं काय? मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ म्हणतं, चालवणाऱ्याने आणि मागे बसणाऱ्याने हेल्मेट घाला. गृहविमा म्हणतो, घरातून हलवू नका. कायदाही मोडायचा नाही आणि विमाही, तर उपाय एकच: दोन हेल्मेटं घ्या. आठ हजारांचं शोकेसमध्ये, गणपतीच्या मूर्तीशेजारी, बिलासकट. डोक्यावर उड्डाणपुलाखाली दोरीला टांगून विकतात त्यातलं एक. १ जून २०२१ पासून आयएसआय शिक्क्याशिवाय हेल्मेट विकता येत नाही, त्यामुळे तिथल्या प्रत्येकावर शिक्का आहे. काहींवरचा तर इतका ताजा, की बोटाला लागतो. ज्याचा विमा आहे ते हेल्मेट अशा रीतीने सुरक्षित राहतं. ज्याचा नाही ते डोकं असतं.

हसू नका. गावात फिरून बघा, हीच पद्धत चालू आहे. महागडं हेल्मेट लडाखच्या फोटोंपुरतं निघतं, आणि ऑफिसला जाताना आरशाला किंवा कोपराला अडकवलेलं स्वस्तातलं. 'पेठेत कशाला, वेग कुठे असतो?' हे वाक्य पाठ असलेल्या शहरात २०१९ साली हेल्मेटसक्तीविरोधात रस्त्यावर आंदोलनं झाली. आंदोलकांनी गृहविमा वाचलेला नव्हता, नाहीतर फलक लिहिण्याचे कष्ट वाचले असते. पॉलिसीचं तेच पान दाखवून मोकळे झाले असते.

क्लेम करायचाच असेल, तर तयारी आजच करा. बिल जपा. फोटो काढा, त्यात घराची भिंत ओळखू येईल असा. आतल्या बाजूचं लेबलही टिपा, सर्व्हेअर 'हे घेतलं कधी' असंच पहिलं विचारतो. 'वापरलंय का' असं विचारलं तर अभिमानाने नाही म्हणा, ते खरंच असेल.

कंपनीने तरीही नकार दिला तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करा, महिनाभर वाट पाहा, मग विमा लोकपालांकडे जा. फी नाही, वकील लागत नाही. पुण्याचं कार्यालय नारायण पेठेत आहे. तिथे ५० लाखांपर्यंतच्या रकमेला जागा आहे, तुमच्या आठ हजारांची सहज सोय होईल. दुचाकी लावायला मिळते का, ते मात्र तुमच्या नशिबावर.