३२,७६८ ठोकळ्यांची मंजुरी

बांधकाम खात्यात ३१ वर्षं ओव्हरसियरकी केली. त्यातली निम्मी उन्हात लेव्हल लावण्यात गेली आणि उरलेली निम्मी बिल का अडलंय हे लोकांना समजावण्यात. त्यामुळं दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून आलेला अकरा वर्षांचा नातू जेव्हा म्हणाला, "आबा, तुम्हाला बांधकामातलं कळतं ना?" तेव्हा मी आधी चष्मा पुसला. हा प्रश्न आमचं स्वतःचं घर बांधताना मिस्त्रीनंसुद्धा मला विचारला नव्हता.

आदल्या दिवशी त्याला साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर दाखवून आणली होती. विरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतलेली, अष्टकोनी, ११० फूट खोल आणि ५० फूट व्यासाची. पोरगं कठड्यावरनं खाली बघत बराच वेळ गप्प उभं होतं. मला वाटलं, इतिहास डोक्यात शिरतोय. घरी आल्यावर कळलं की तो ठोकळे मोजत होता.

"आबा, ही आपण माइनक्राफ्टमधे बांधू. हातानं नाही. कमांडनं."

त्या गेममधलं जग सगळं ठोकळ्यांचं. माती, दगड, झाड, सगळं एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच. हातानं करायचं तर कुदळ घेऊन एकेक ठोकळा फोडत बसायचं. पण चीट्स, म्हणजे गेमला थेट हुकूम सोडायची सवलत, चालू केले की स्लॅश देऊन 'फिल' लिहायचं, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांचे तीन-तीन आकडे द्यायचे, कशानं भरायचं ते लिहायचं आणि एंटर. खोदायचं असेल तर 'एअर' लिहायचं. हवा भरली की खड्डा तयार! कागदावर भराव आणि जागेवर हवा, असली कामं मी नोकरीत पाहिली होती, पण हवा रीतसर साहित्याच्या यादीत धरलेली पहिल्यांदाच पाहिली.

"दिवाळीत पोराला चीटिंग शिकवताय?" स्वयंपाकघरातनं आवाज आला. चकलीच्या सोऱ्याचा आवाज थांबला होता, म्हणजे ही लक्ष देऊन ऐकत होती.

मी आकडे सांगायला सुरुवात केली. पूर्वेला पंधरा, उत्तरेला पंधरा, खोली उणे तेहतीस. अख्ख्या जन्मात उंचीचा आकडा मी शेवटीच सांगत आलो. नातवानं सांगितलं तसं टाईप केलं, एंटर मारलं, आणि आमच्या पायाखालची जमीन जशीच्या तशी राहून समोरच्या टेकडीतनं सरळसोट खिंड पडली.

"आबा, विहीर मागितली होती. तुम्ही खंबाटकी दिली."

या गेममधे उंची मधे येते. एक्स, मग वाय म्हणजे उंची, मग झेड. वर आणखी, उत्तरेला गेलं की झेडचा आकडा कमी होतो. उत्तर म्हणजे अधिक हे ज्याच्या हाडात भिनलंय त्या माणसानं या वयात कुठं जायचं? खिडकीतनं अजिंक्यतारा दिसत होता, तो तरी जागच्या जागी आहे ना एवढं बघून घेतलं.

मग टिल्ड. म्हणजे छोट्या नागमोडी रेघेचं चिन्ह. ते टाकलं की आकडे तुम्ही उभे आहात तिथनं मोजले जातात. म्हणजे तुम्हीच बेंचमार्क, ज्याच्यापासून सगळी मापं धरायची ती पक्की खूण. आता बेंचमार्कचा एकच गुण, तो हलत नाही. हा हलतो, उड्या मारतो, मेंढीमागं धावतो. एक कमांड चुकली म्हणून वरचा बाण दाबून तीच परत आणली, आकडा दुरुस्त केला, एंटर मारलं. तेवढ्यात मी दोन पावलं सरकलो होतो. खड्डाही दोन पावलं सरकला.

शेवटी मी खुर्ची पुढं ओढली आणि जाहीर केलं, "आधी जागा सपाट करायची. टेकडी काढायची." साठ बाय साठ, उंची वीस. म्हणजे ७२,००० ठोकळे. एंटर. लाल अक्षरात नकार आला: ठोकळे जास्त झाले, मर्यादा ३२,७६८.

खरं सांगतो, मला त्या गेमबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली. बत्तीस गुणिले बत्तीस गुणिले बत्तीस. ब्रासमधे साडेअकरा हजारांच्या वर. एका सहीत एवढं खोदकाम माझ्या साहेबांच्याही साहेबांना जमलं नसतं, पण मर्यादा ती मर्यादा. नातू म्हणाला, गेमरूल बदलून ती वाढवता येते. मी म्हटलं, "थांब. वरिष्ठांकडं जायचं नाही. कामाचे तुकडे पाडायचे." वीस बाय साठ बाय वीस, प्रत्येकी २४,०००. तीन तुकडे, तिन्ही मर्यादेच्या आत. नातू माझ्याकडं ज्या नजरेनं बघायला लागला तसं खात्यात फक्त ठेकेदार बघायचे.

पहिला तुकडा गेला. दुसरा गेला. तिसरा गेला, आणि नातवाचा चेहराही गेला.

तिसऱ्या तुकड्यात त्याचं घर होतं. टेकडीच्या मागच्या उतारावर, मला दिसलं नव्हतं. घर, पलंग, आणि पेटी. पेटीत अकरा हिरे. फिलनं पेटीची हवा केली ती आतल्या मालासकट. शेवटी 'डिस्ट्रॉय' हा शब्द जोडला असता तर सामान निदान खाली तरी पडलं असतं. कंट्रोल झेड दाबून बघितलं. या गेममधे असलं काही नाही, झालं ते झालं. अतिक्रमण हटवताना आम्हीसुद्धा आधी नोटीस द्यायचो हो.

मी नुकसानभरपाई म्हणून कंदी पेढे पुढं केले. मग म्हटलं, कमांडनं हिरेही मिळतात ना, घे की अकराच्या जागी शंभर. त्यानं पेढा घेतला, हिरे नाही घेतले. "ते मी खणले होते, आबा."

दुपारी काम पुन्हा सुरू झालं, कारण आता जागा सपाट होती. पण अष्टकोन होईना. फिलला चौकोनी ठोकळाच कळतो, तिरपी रेघ त्याच्या खानदानात नाही. मी चौकटीच्या वहीवर त्रिकोणमिती मांडली. दोन पानं भरली. ही रांगोळीचा डबा घेऊन उंबऱ्याकडं निघाली होती, जाता जाता वहीत डोकावली.

"अहो, मधल्या सात ओळी पंधरा ठिपक्यांच्या. मग दोन्हीकडं तेरा, अकरा, नऊ, सात. एवढ्यासाठी दोन पानं?"

नातवानं मोजलं. पाच आयत, एकावर एक आडवेउभे: पंधरा बाय सात, तेरा बाय नऊ, अकरा बाय अकरा, नऊ बाय तेरा, सात बाय पंधरा. पाच वेळा फिल, प्रत्येकी तेहतीस खोल. विहीर झाली. विरूबाईंना पाच वर्षं लागली होती. आम्हाला पाच कमांडी आणि त्याआधीची सात तासांची गाढवमेहनत.

पाणी माझ्या हातनं सोडायचं ठरलं. पाणी आटू नये म्हणून मला कमांड ब्लॉक हवा होता. त्या ठोकळ्यात कमांड लिहून ठेवायची. 'रिपीट' आणि 'सतत चालू' केलं की तो सेकंदाला वीस वेळा तीच कमांड बजावत राहतो. खात्यात असा एक शिपाई असता तर! मी तो विहिरीच्या तळाशी ठेवला, नजरेआड राहावा म्हणून. तळापासून बारा मीटर पाणी भरायचा हुकूम त्यात लिहिला आणि चालू केला. पाणी आलं. एकदाच. त्यानं हुकूम बजावला आणि सांगितलेल्या हद्दीतली प्रत्येक जागा पाण्यानं भरली, स्वतःची धरून.

रात्री साडेदहाला पाणी प्यायला उठलो तर हॉलमधे लॅपटॉपचा उजेड. नातू एकटाच. विहीर लांब मागं राहिलेली. हा कुठल्यातरी अंधाऱ्या भुयारात कुदळीनं एकेक ठोकळा फोडत होता. ठक, ठक, ठक.

"दोन मिळाले," तो मान न वळवता म्हणाला.

मी चष्मा लावला, खुर्ची ओढली आणि वहीचं कोरं पान काढलं. "किती मीटर झालं? मेजरमेंट बुक कोण लिहितंय?"